देवाच्या पाठीमागची भांडी

ज्या विघ्नहर्त्याला आम्ही दर वर्षी मातीतून घरी आणतो आणि पाण्याशी पोचवून येतो, आणि ज्या ग्रामदेव रामेश्वराच्या घंटेने आमच्या गावाचा दिवस सुरू होतो, त्या उभयतांच्या चरणी मस्तक ठेवून हे प्रकरण लिहायला घेते. निमित्त लहानच आहे. माझ्या धाकट्या भावाची नात ईशा चित्रकलेच्या परीक्षेसाठी वस्तुचित्राचा सराव करते आहे. परवा तिने घरातला कुकर काढला. शिट्टी एका अंगाला झुकलेली, मुठीचा स्क्रू पडल्यामुळे तिथे गुंडाळलेली तार, बुडाशी जळका पट्टा. जे होते ते सारे. तिच्या वडिलांनी फोनमधून डोके वर काढून पाहिले आणि म्हणाले, "कुकर कसलो काढतंस गो? गणपती काढलंस असता तर मखराक तरी लावलो असतो." पोरगी हसली आणि कागद उलटा ठेवून उठून गेली. तो कागद मी सुलटा करून कितीतरी वेळ पाहत बसले. चित्र सुंदर होते. ते सुंदर आहे हे मला कळते, कारण असे पाहायला मला एकाने शिकवले होते. त्याचे नाव या घरात आता कोणी घेत नाही. घेणारी मी एकटी उरले आहे.

वासुदेव माझा थोरला भाऊ. आमच्यात बरेच अंतर होते. मी परकरात होते तेव्हा त्याला मिसरूड फुटली होती. लहानपणी सांधे सुजून आलेल्या एका तापाने त्याच्या हृदयाची झडप खाल्ली, असे तालुक्याचे डॉक्टर म्हणत. चार पावले चालला की त्याचे ओठ जांभळे पडत. शाळा सुटली, मग अंगण सुटले, आणि शेवटी खाट माजघरात आली. त्या खाटेवरून त्याला दोनच गोष्टी दिसत. समोर माजघराची मोठी भिंत, आणि तिच्या कडेच्या दारातून स्वयंपाकघराचा एक तुकडा. त्या तुकड्यात आईची पाठ, चुलीचा उजेड, खोबरे खवायची विळी, भिंतीशी तिरपे लावलेले सूप, तांदूळ धुवायची रोवळी आणि पाण्याची तांब्याची घागर. ऐकू मात्र पुष्कळ येई. पलीकडे माडांच्या रांगेमागे समुद्राची गाज, पहाटे मासेवालीची हाक (आमच्या दारात ती थांबत नसे, पण हाक मारल्यावाचून पुढेही जात नसे), पाट्यावर वरवंट्याची घसर, आणि वडिलांचा संथा म्हणण्याचा स्वर.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. गावच्या देवळाची पूजा त्यांच्याकडे होती आणि न्यायशास्त्राचे त्यांचे अध्ययन घाटावरच्या एका पाठशाळेत झाले होते. मुलगा अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी त्याच्या वाट्याची विद्या मला द्यायला सुरुवात केली. खाटेच्या पायथ्याशी बसून मी सूत्रे घोकत असे आणि वासूदादा ती ऐकून माझ्या आधी पाठ करीत असे. आमच्या घरात जेवण साधे. उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर चुलीत भाजलेला पापड किंवा कैरीचे लोणचे. दादाला मीठ वर्ज्य होते. मिठावाचूनची पेज तो नाक न मुरडता पिई आणि आईला म्हणे, "आये, आज मीठ जास्त झाला हां." ती तोंडाला पदर लावून हसे. ते हसणे कोणत्या कडेने रडणे होत असे, ते मला फार पुढे समजले.

आमच्या भागात चतुर्थीआधी गणपतीची भिंत रंगवतात. आधी चुन्याचे दोन हात देतात आणि त्यावर कमळे, मोर, वेली, कुठे लक्ष्मी तर कुठे कैलास असे चित्र काढतात. ज्या घरात हात चांगला असेल ते घरचेच काढतात, नाहीतर शेजारचा कोणी येतो. आमच्याकडे आप्पाच काढीत. त्यांचे मोर बदकासारखे दिसत, पण ते देवाचे मोर असल्यामुळे त्यांना कोणी हसत नसे. त्या वर्षी माजघराच्या त्या मोठ्या भिंतीवर चुना वाळला, आप्पांनी तांबडी काव कालवली, आणि खाटेवरून दादा म्हणाला, "आप्पा, ह्या वर्षा भिंत माका द्या."

आप्पांचा हात थांबला. "तुका झेपतला?"

"बसान काढतलंय. थकलंय की सांगतलंय."

"काय काढतलस? कैलास काढ. नायतर गजेंद्रमोक्ष."

"ता मी खंय बघलंय?" दादा म्हणाला. "देव तर फुडे येवन बसतलोच. मगे त्येच्या पाठीमागे आणि दुसरो देव कित्याक? मी दिसता ता काढतलंय."

आप्पांनी आईकडे पाहिले. पुढच्या चतुर्थीला हा मुलगा भिंत मागायला असेल की नाही, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात सर्वांच्या मनात होता आणि कोणाच्याही जिभेवर नव्हता. आप्पांनी कावेची वाटी खाली ठेवली आणि दादाला दोन्ही हातांनी उचलून, दारातून आतले दिसेल अशा बेताने, भिंतीजवळच्या चौरंगावर बसवले. पाठीशी उशा लावल्या.

त्याने रंग मागितलेच नाहीत. नारळाच्या करवंट्या जाळून मी त्याला कोळसे करून देत असे, आणि तांब्याची झाक दाखवण्यापुरती तेवढी काव. हात खांद्याच्या वर जात नसल्यामुळे चित्र भिंतीच्या खालच्या अर्ध्यात राहिले. जमिनीला टेकून, जणू स्वयंपाकघरच उठून देवाच्या आसनामागे येऊन बसले होते. घरात मात्र मोठा गोंधळ उडाला. वस्तू जागची हलवायची नाही अशी दादाची सक्त ताकीद. आई तांदूळ पाखडायला शेजारून सूप मागून आणी, कारण घरचे सूप चित्राला बसले होते. "माझ्या घरातली भांडी आता माका मिळनत नाय," ती शेजारणीला सांगे, "राजाच्या दरबारात कामाक लागली हत ती." असे म्हणताना तिचा चेहरा उजळलेला असे. त्या दिवसांत ती फार दिवसांनी मोठ्याने बोलत होती.

मी त्याच्या बाजूला बसून पाहत असे. आधी काहीच दिसत नसे. नुसते काळे डाग. मग केव्हातरी डागांमधून सुपाच्या पट्ट्या एकमेकींखालून वर येत, एक पट्टी तुटलेली, तिथे आईने सुतळीने घातलेला टाका. विळीच्या पाटावर वर्षानुवर्षे बसून पडलेला खोलगट गुळगुळीतपणा त्याने बोटाने कोळसा पुसून आणला. घागर विहिरीत आपटून तिच्या अंगाला पोचा पडला होता. त्या पोच्यात दाराचा उजेड कसा अडकतो आणि तिथून काठापर्यंत कसा चढत जातो, तेही भिंतीवर आले. मी चित्राकडे पाही, मग मान वळवून खऱ्या घागरीकडे, आणि ती मला नवी दिसे. न्यायशास्त्र शिकणाऱ्याच्या तोंडी घट हा शब्द दिवसातून असंख्य वेळा येतो. घट आहे, घट नाही, घट मातीचा, घटाचा नाश. कोणताही सिद्धान्त पटवायचा तर उदाहरण घटाचेच. मीही तोवर तो शब्द पुष्कळ घोकला होता. परंतु घट पाहिला तो त्या दिवसांत, आजारी भावाच्या खांद्याशी बसून. पुढे आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवताना हे उदाहरण आले की माझा स्वर क्षणभर अडखळत असे. मुलांना वाटे, बाई विसरल्या.

आप्पा संध्याकाळी देवळातून आले की भिंतीसमोर उभे राहत. एकदा ते वाकून रोवळीजवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केला, तिच्या विणीत बोट घालून पाहावे तसा. मग भान येऊन हात मागे घेतला. "वासुदेवा," ते म्हणाले, आणि संध्येला बसले. दादाला तेवढे पुरले. त्या दिवशी त्याने पेज दोनदा मागितली.

चतुर्थीला मूर्ती आली, आसनावर बसली. उकडीच्या मोदकांचा आणि हळदीच्या पानांचा वास घरभर होता. पहिला नमस्कार करून आप्पांची थोरली बहीण, आमची आते, उठली आणि तिची नजर मूर्तीच्या मागे गेली. ती प्रेमळ बाई होती. दादाच्या आजारात तिने किती नवस बोलले होते, त्यांची गणती नाही. ती आईला दारामागे घेऊन गेली, पण तिचा हळू आवाजही माजघरात ऐकू येईल असाच असे.

"वयनी, ह्या काय केलास? देवाच्या पाठीक रिकामी घागर? रिकामा सूप?"

"तेना जसा दिसला तसा काढल्यान," आई म्हणाली.

"अगो, घरात मोठा दुखणा आसा. रिता भांडा कोणी समोर आणला तर आपण वाटेवरसून माघारी फिरतो. आणि तू देवाच्या मानेमागे ठेवलंस! असल्या घरात कसला बोलावणा येता, ता तुका सांगूक होया?"

खाटेवरून दादाने हाक मारली, "आते, ती घागर रिकामी नाय. तिच्यात आमच्या घरातलो काळोख भरलेलो आसा." त्याला विनोद करायचा होता. आतेने दोन्ही कानांवर हात ठेवले.

संध्याकाळी भजनाची मंडळी आली. पखवाज लागला, झांजा वाजल्या, काळ्या वाटाण्याच्या उसळीची पाने फिरली. आप्पांचे थोरले चुलतभाऊ, भाऊकाका, आमच्या वाडीतले मानकरी. गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांचा. ते मोठे थट्टेखोर. चित्र पाहताच म्हणाले, "वासू, सूप भिंतीर काढलंस ता बरा केलंस. माझ्या बायकोन बघल्यान तर मागूक येयत. विळीर मात्र कोणाक बसूक देव नको, पडतलो." सगळे हसले, दादाही हसला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती लांबली. हसणे एकेक करून थांबले. तेवढ्यात आते भाऊकाकांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.

ज्यांनी गाऱ्हाणे ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. देवासमोर नारळ ठेवून घरचे सारे उभे राहतात, मानकरी एकेक मागणे मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' असे उत्तर देतात. त्या उत्तराने ते मागणे सर्वांचे होते. उत्तर न देणारा माणूस मी आमच्या गावात पाहिलेला नाही.

"बा देवा गजानना," भाऊकाकांनी सुरू केले. त्यांच्या आवाजात आता थट्टेचा लेशही नव्हता. "आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातलो वासुदेव बरेच दिवस आजारी आसा. त्येच्या आड जा काय येता ता दूर कर, त्येका आवशी-बापाशीच्या म्होरे उभो कर."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझ्या भिंतीर रिकाम्या भांड्यांचा जा काय अवलक्षण झाला आसात, ती अजाण पोराची चूक समजून पोटात घाल."

आधी एकट्या आप्पांचा स्वर आला, मग सर्वांचा. "व्हय म्हाराजा." मी दादाकडे पाहिले. तो उशांना टेकून बसला होता, हात जोडलेले होते, आणि त्याचेही ओठ हलले.

त्या शब्दांमागे दुष्टपणा मुळीच नव्हता. भाऊकाकांनी प्रेमाने मागितले, आतेने प्रेमाने सुचवले, आप्पांनी भयाने होकार दिला. शास्त्र जाणणाऱ्या माझ्या वडिलांना चित्रातल्या भांड्याने मृत्यू येत नाही हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. परंतु मरणाच्या दारात मूल असलेला बाप कोणतीच फट मोकळी सोडू धजत नाही, मग ती तर्काने बुजलेली का असेना. मी आयुष्यभर ईश्वराची सेवा केली आहे आणि अजूनही त्याला विचारते, त्या एका मागण्यावाचून तुझे काय अडले असते? उत्तर आलेले नाही. येईल अशी अपेक्षाही आता ओसरली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाटेशी बसली. "वासू, माझ्या बाळा, त्या घागरीत वायच पाणी काढ रे. सुपात तांदूळ काढ. तुका काय जड आसा?"

"आये, हयसून माका घागरीतला पाणी दिसत नाय. नुसतो काठ दिसता. नाय दिसता ता कसा काढू?"

"माझ्यासाठी काढ."

"तुझ्यासाठीच काढलंय गो ता," तो म्हणाला. "तुझीच भांडी ती."

दुपारची जेवणे झाली. आप्पा ओटीवर लवंडले, दादाला झोप लागली. आईने सकाळीच तांदूळ भिजवले होते. पाट्यावर ते गंधासारखे बारीक वाटून तिने वाटीत घेतले आणि भिंतीशी बसली. मी पाळण्याची दोरी ओढत होते. पाळण्यात धाकटा भाऊ होता. आईच्या बोटांना रांगोळीखेरीज काही ठाऊक नव्हते. तिने सुपात तांदळाचे ठिपके दिले, सुपाच्या काठापर्यंत, मग काठाबाहेर. रोवळी भरली. घागरीच्या तोंडावर पांढरी जाड रेघ ओढली, वर आंब्याची पाने काढली, पानांवर नारळ. नारळ फार मोठा झाला. त्यातले तांदळाचे पाणी ओघळून घागरीच्या पोच्यावरून खाली उतरले आणि तिथला उजेड बुजून गेला. ती एकेक ठिपका देताना देवाचे नाव घेत होती. तिला हवे होते ते एवढेच, की मुलगा जगावा.

दादा जागा झाला तेव्हा ओले पांढरे वाळून उठून दिसू लागले होते. त्याने पाहिले. आई हात पुसत उभी होती, तिच्या मनगटांपर्यंत तांदूळ लागला होता. मला वाटले तो ओरडेल. तो म्हणाला, "बरा दिसता, आये." आणि थोड्या वेळाने आप्पांना म्हणाला, "माझी खाट वायच फिरवा. वाऱ्याक तोंड करा."

खाट फिरवली. आता त्याला खिडकीतून माडांचे बुंधे दिसत, आणि भिंत व स्वयंपाकघर दोन्ही पाठीमागे गेले. मी करवंट्यांचे नवे कोळसे करून त्याच्या उशाशी ठेवले; त्यांवर धूळ बसत गेली. "माड काढ ना," मी एकदा म्हटले. "ते हालतत गो," तो म्हणाला. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला, भर सकाळी, आई त्याला पेज भरवत असताना तो गेला. पेज तोंडातच राहिली होती.

पुढची चतुर्थी आली तेव्हा घरात वर्षाचे दुःख होते. मूर्ती आणायची, पण भजन नाही, गाऱ्हाणे नाही, भिंतीला चुना नाही, असे ठरले. मूर्ती येण्याच्या आदल्या दिवशी मी विहिरीवरून आले तर आई भिंतीशी बसलेली. हातात ओले फडके. तिने सुपातले ठिपके पुसायला घेतले होते. वर्षभरात तांदळाचे पापुद्रे सुटू लागले होते. तिला वाटले असावे, ते अलगद निघतील आणि खाली मुलाने काढलेले तसेच्या तसे उरेल. पण खाली होता तो चुन्यावरचा कोळसा. फडके फिरले तसे ठिपके गेले, आणि त्यांच्याबरोबर सुपाच्या पट्ट्या गेल्या, सुतळीचा टाका गेला. ती घाबरून घागरीकडे वळली, तिथे आणखी हलक्या हाताने पुसू लागली. नारळ गेला. घागर गेली. भिंतीवर करडा ढग राहिला.

"आये, थांब!" मी ओरडले.

तिने फडके खाली ठेवले. हात काळे झाले होते. "मी फकस्त माझा पुसूक गेलंय गो," ती म्हणाली. "त्येच्या चित्राक हात लावचो नव्हतो माका. फकस्त माझा पुसूक गेलंय."

आप्पा दारात आले. त्यांनी भिंत पाहिली, मग तिला पाहिले, आणि माझ्या वडिलांना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते तसे ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी तिचे काळे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. दुसऱ्या दिवशी त्या करड्या ढगापुढेच देव बसला. नमस्काराला आलेल्यांपैकी आतेने तेवढे विचारले, "भिंत अशी कित्याक?" त्यानंतरच्या चतुर्थीला चुन्याचे दोन हात बसले आणि आप्पांनी मोर काढले.

वासुदेवाच्या हातचे आता काहीही शिल्लक नाही. त्याने काढलेली भांडी मी डोळे मिटून जुळवायला बसते, पण वय झाले. आईचे पांढरे ठिपके आधी आठवतात आणि त्यांखालची रेघ सापडत नाही. जे एवढ्या एकाग्रतेने पाहिले गेले, ते एवढ्या सहज नाहीसे व्हावे, यात काही न्याय असेल तर तो माझ्या शास्त्रात मला भेटला नाही. ईशाचा कागद मी माझ्या पोथीच्या फळ्यांमध्ये दाबून ठेवला आहे. तिला अजून सांगितलेले नाही. हे लिहून झाले की तिलाच आधी वाचायला देईन.

वाचकहो, तुमच्या घरी धान्य असो, पाणी असो, चूल पेटती असो, मुलेबाळे दीर्घायुषी होवोत. आणि तुमच्या घरात कोणी, जे समोर दिसते तेवढेच मन लावून काढीत बसलेले असेल, तर त्याच्या रेघेवर हात न ठेवण्याइतके निर्भय मन तो गजानन तुम्हां सर्वांना देवो. माझ्या आईला ते मिळाले नाही. तुम्हांला मिळो.